हॉटेलच्या ट्रस्टात वारलेली बायको

हरिश्चंद्राची बायको ज्या साली मेली, त्या साली तिने चतुर्थीचे सगळे मोदक एकटीने केले, घसा बसेस्तोवर आरत्या म्हटल्या, आणि विसर्जनाच्या वाटेवर चिखलात बदकन पडली तरी हसत उठली. मेली ती फक्त गोव्यात. हॉटेलात. इथे गावी, चौक्याला तिला कोणी कळवलंच नव्हतं.

त्याचं झालं असं. हरिश्चंद्र परब तेव्हा पणजीच्या बाजूला एका दांडग्या हॉटेलात होता. कपडे धुण्याच्या खात्यात, बॉयलरवर. काम इमानाने करायचा. पण आपला माणूस गोव्यात असो नाहीतर दुबईत, चतुर्थीला घरी नाही म्हणजे मग तो जगतो कशाला? त्यात त्या साली घरच्या गणपतीचा खर्च आणि पूजा त्याच्याकडे. चुलतभावांत वाटून घेतलेलं असतं ते, चार वर्षांनी एकदा येतं. तिथे गेला नाही तर भाऊबंद जन्मभर तोंडावर मारणार.

आणि नेमकं त्याच आठवड्यात हॉटेलात कुठल्यातरी दिल्लीच्या शेटाच्या पोरीचं लग्न. सगळ्यांच्या रजा बंद. हरिश्चंद्र ऑफिसात गेला. तिथे किशोरी मॅडम म्हणून एक पेडण्याची बाई होती, माणसांची रजा, पगार, पीएफ सगळं तिच्याकडे. स्वभावाने लोणी. पण हुकूम वरून आलेला, ती तरी काय करणार?

दारात उभं राहून हरिश्चंद्राने मनात नातेवाइकांची उजळणी केली. बाप खरोखरच गेलेला, तो कामाचा नव्हता. आईला दोनदा आजारी पाडून झालं होतं. काका आणि आत्या मागच्या दोन चतुर्थ्यांत संपले. राहिली बायको. म्हटलं, जरा आजारी पाडू.

"मॅडम, बायकोला साप चावला."

"अरे देवा! बरी आहे ना आता?"

इथे हरिश्चंद्र अडकला. बरी आहे म्हटलं तर दोन दिवस मिळणार. दोन दिवसांत गणपती आणायचा, पुजायचा की पोचवायचा? मॅडम डोळे मोठे करून त्याच्याकडे बघतेय. त्याची मान आपोआप डावी-उजवीकडे हलली.

झालं. सुभद्रा मेली.

तेरा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. मॅडमने स्वतः ड्रायव्हरला सांगून त्याला स्टँडवर सोडला. आणि बाई कामाची पक्की, त्याच दुपारी तिने त्याच्या कागदावर "विधुर" लिहून टाकलं, पीएफच्या वारसातून सुभद्रेचं नाव काढून भावाचं घातलं. हरिश्चंद्र परत आल्यावर सही मागितली. त्याने मान खाली घालून केली. न करून काय सांगणार?

इकडे सुभद्रा खूश. "तेरा दिस? तेरा दिस दिल्यान तुमका? केवढी देवमाणूस ओ ती बाय!" तिने मॅडमसाठी डबा भरून करंज्या दिल्या. मेलेल्या बाईच्या करंज्या घेऊन माणूस ऑफिसात कसा जाणार? हरिश्चंद्राने त्या एसटीत वाटल्या. कंडक्टरला चार दिल्या. कंडक्टर म्हणाला, "काय, झिल झालो काय?" हा म्हणाला, "होय, मुलगो झालो." एकदा खोटं बोलायला लागलं की हात बसतो.

पुढची वर्षं मात्र त्याने भोगली. हॉटेलात मोठ्याने हसायची चोरी. नवा शर्ट घालायची चोरी. सुपरवायझरच्या बायकोने तर मांद्र्याच्या एका विधवेचं स्थळ आणलं, आणि हा तीन महिने तिला चुकवत मागच्या दाराने जा-ये करत होता.

मग लॉकडाऊन आला, हॉटेलने माणसं कमी केली, आणि हरिश्चंद्र घरी आला. पिंगुळीच्या पुढे एका पोराने कोकम आणि काजूचा कारखाना काढलेला, तिथे बॉयलरला माणूस हवाच होता. हॉटेल सुटलं, विधुरपण सुटलं. त्याला वाटलं, मेली ती भानगड तिकडेच राहिली.

पाच वर्षं होत आली त्याला. एक दिवस कारखान्याच्या ऑफिसातल्या सृष्टीने त्याला हाक मारली. सृष्टी नेरूरची, हिशेब-पगार बघायची, कॉम्प्युटरवर बोटं अशी चालायची की बघत राहावं.

"काका, वायच हयसर येवा. तुमचे हॉटेलातले पीएफचे पैसे अजून थंयच आसत."

"मगे? पळान जातले काय?"

"ऐका तरी. तुमच्या हॉटेलान पीएफ सरकारी ऑफिसात भरल्यान नाय. मोठ्या कंपन्या कधी कधी आपलो ट्रस्ट काडतत, त्यात ठेयतत. आपल्या कारखान्याचो जाता सरकारी ऑफिसात. म्हणजे तुमचे पैसे दोन घरांत. थंयचे उचलून हय आणूचे."

"थंय रवले काय नि हय रवले काय, माझेच मा?"

"पैशाचां नाय ओ, वर्षांचां आसा!" सृष्टीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "पेन्शनीक धा वर्षां भरूक व्हयी. थंयची नुसती भरनत नाय, हयची नुसती भरनत नाय. जोडलास तर भरतत. मगे अठ्ठावन्न झाल्यार दर म्हयन्याक पेन्शन. आणि तुमच्या मागसून त्यातली अर्धी काकीक, ती आसा तवसर."

हरिश्चंद्राला सत्तावन्न चालू होतं. तो घरी गेला आणि जेवताना सहज म्हणून सांगितलं. सुभद्रेचा हात भातावर तसाच थांबला.

"माका? माझ्या नावान?"

"होय. म्हणजे मी गेल्यार."

"तुमी जावा खंय, माका घाय नाय." मग जरा वेळाने, आमटी वाढता वाढता म्हणाली, "जलमभर काजी सोललंय, लोकांच्या शेतात लावणी केलंय. पण माझ्या नावार रेशनकार्डाशिवाय काय एक नाय. जोडा ती वर्षां. बगूया तरी, दर म्हयन्याक कोणतरी माका आपणहून पैसे देतलो तो कसो दिसता."

एवढं बोलून ती हसली. हरिश्चंद्राला त्या रात्री फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सृष्टीने वर्षं जोडायचा अर्ज पाठवला, आणि आठवड्याने सांगितलं की हॉटेलच्या ट्रस्टने तो परत पाठवला.

"त्यांच्या कागदार तुमी विधुर आसात, काका. हय आमी लग्न झालेले लिवलंव. जुळणा नाय म्हणतत."

हरिश्चंद्राने उगाच टेबलावरचे कागद सारखे केले.

"लिवणाऱ्याची चूक असतली," तो म्हणाला.

"मगे फोन करा नि सांगा. सोपां आसा."

"सृष्टी... नि मी ते पैसे काडूनच घेतलंय तर? तसेच, थंयसून?"

"घेवक येतत. ट्रस्ट तुमच्या बँकेत टाकीत, बायको आसा काय नाय कोण इचारूचा नाय. पण वर्षां पुसली जातली. मगे पेन्शन खंयची? आणि काकीक काय सांगतल्यात?"

तेच तर. पैसे काढून घेतले तर कोणालाच काही कळणार नाही, आणि सुभद्रेला काही मिळणार नाही. पैसे इकडे आणायचे तर सुभद्रेला आधी जिवंत करायला हवी. आणि जिवंत करायची म्हणजे मारली होती हे सांगायला हवं.

सरळ माणसाने तेव्हाच कबूल केलं असतं. हरिश्चंद्र काजूच्या ढिगामागे गेला, मॅडमला फोन लावला, आणि आणखी खोल खड्डा खणला.

"मॅडम, मी परब. बॉयलरवाला. ते विधुर लिहिलंय ना, ते बदलायचं होतं. मी... दुसरं लग्न केलं."

पलीकडून मॅडमने आनंदाने किंचाळीच मारली. "अहो परब! किती छान! किती वर्षं एकटे होता तुम्ही! नाव काय वहिनींचं?"

"सुभद्रा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"पहिल्या वहिनींचं पण सुभद्राच होतं ना?"

"आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात, मॅडम. ताटात तांदूळ पसरून त्यावर लिहायचं असतं. मला... दुसरं नाव सुचलं नाही."

मॅडम हुंदका देते की काय असं वाटलं. "किती प्रेम होतं हो तुमचं त्यांच्यावर," ती म्हणाली. मग नाक ओढून कामाचं बोलली. पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला आणि दुसऱ्या लग्नाचा दाखला पाठवा, ट्रस्टपुढे ठेवते, लगेच करून देते.

तर आता हरिश्चंद्राला जिवंत बायकोच्या मरणाचा दाखला हवा होता.

तुम्ही म्हणाल, एवढा कसा तो वेडा? वेडा नव्हता. माणूस चिखलात रुतला की पाय वर काढायला दुसरा पाय घालतो, तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी टाकून तो ग्रामपंचायतीत गेला. काय सांगायचं ते वाटेत ठरवत होता, ठरत नव्हतं. आत टेबलावर ओंकार बसलेला, पंचायतीचा क्लार्क, गावचाच.

"येवा काका. काय काम काडलास?"

"दाखलो व्हयो होतो."

"कसलो? जन्माचो, मरणाचो, उत्पन्नाचो?"

"मरणाचो."

ओंकारने पेन उचललं. चेहरा गंभीर केला. "कोण गेला?"

हरिश्चंद्राने तोंड उघडलं. हॉटेलात नुसती मान हलवून भागलं होतं. इथे नाव घ्यायला हवं होतं. सुभद्रा हरिश्चंद्र परब, असं नाव, आणि मग ओंकार विचारणार, कधी? पलीकडच्या भिंतीला टेकून दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, सुभद्रेच्या बचत गटातल्या. त्यांनीही माना वर केल्या.

ते नाव त्याच्या तोंडून बाहेर येईना. मागच्या वेळी कसं केलं आपण, त्याचं त्यालाच कळेना.

"कोण नाय," तो म्हणाला. "कोण नाय रे मेला. घरपट्टी खंयसर भरूची?"

"घरपट्टी काकीन मार्चातच भरल्यान की ओ!"

"बरां केल्यान," असं म्हणून हरिश्चंद्र बाहेर पडला. वाटेत त्याने ठरवलं, आज सांगायचं. पायावर धोंडा पडला तरी सांगायचं. खिसा चाचपला तर फोन नाही. घरी चार्जिंगला लावलेला तसाच राहिलेला.

सुभद्रा घरापुढच्या खळ्यात पाटावर बसून काजूबी निवडत होती. त्याला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, अगदी नव्या नवरीसारखा.

"इलात? येवा. नवी बायल वाट बगता."

हरिश्चंद्र होता तिथेच पेळेवर, खळ्याच्या कठड्यावर बसला.

"तुमच्या मॅडमचो फोन इल्लो," ती बिया निवडतच म्हणाली. "अभिनंदन करूक. माका म्हणता, वहिनी, तुम्ही नशीबवान, फार सोन्यासारखा माणूस मिळाला. म्हटलंय, होय काय? म्हणता, पहिल्या वहिनी गेल्या तेव्हा आम्ही सगळे रडलो. मी इचारलंय, कशान गेली ओ ती बिचारी? तर म्हणता, साप चावला."

तिने सूप खाली ठेवलं.

"साप? माका साप चावयलास? निदान तापान मारूचा होता. चार दिस आजारी तरी पडलंय असतंय, कोणतरी पेज तरी आणून दिल्यान असता!"

"सुभद्रे, ऐक माझां..."

"नि तां पण चतुर्थीक! मी हय चुलीपुढे घामान न्हाललंय, नि थंय माझां तेरावां! माझ्या करंज्यो खंय गेल्यो?"

"एसटीत वाटलंय."

"एसटीत!" हे तिला सगळ्यात जास्त लागलं बहुतेक. ती उठली, आत गेली, भांडी आदळल्याचा आवाज आला, परत बाहेर आली. त्याने सगळं सांगितलं. रजा बंद, मान हलली, विधुर, भाऊ वारस, मांद्र्याची विधवा, दुसरं लग्न, आणि आत्ता ओंकारपुढे बसून कसं नावच निघालं नाही ते. सुभद्रा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली. मांद्र्याच्या विधवेच्या नावाला तिचा चेहरा जरा कडक झाला, बाकी काही हललं नाही.

सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"रडलात काय तुमी तेव्हा?"

"रडूचा लागला. मॅडम समोर बसलेली. खोटां रडूक गेलंय... मगे डोळ्यापुढे इलां, घरात जातंय नि चूल थंड, तू खंयच नाय. तेव्हा खरांच रडाक इलां. थांबाच ना. म्हणान तर तिका खरां वाटला."

सुभद्रा खाली बसली. बराच वेळ तिने बियाच निवडल्या, चांगल्या आणि किडक्या एकाच ढिगात टाकत.

"उद्या जावया," शेवटी म्हणाली.

"खंय?"

"गोव्याक. तुमच्या मॅडमपुढे. कागद घेवा. लग्नाचो दाखलो आसा, आधार आसा. नि मी आसंय. ह्येच्यापेक्षा मोठो पुरावो कोण आणतलो?"

"ती माका सोडूची नाय, सुभद्रे."

"नको सोडूंदे. शिव्ये घालीत, खावया. पण मेलेली म्हणान मी रवाचंय नाय. आणि ती वर्षां थंय कुजाक सोडूचंय नाय."

सकाळच्या गाडीने दोघं निघाली. सुभद्रेने मुलीच्या लग्नातली साडी नेसली, केसात अबोलीचा वळेसर घातला. बांद्यापर्यंत ती मांडीवरची कागदांची पिशवी सावरत होती. बांदा गेल्यावर म्हणाली, "ती मांद्र्याची कशी होती दिसाक?" हरिश्चंद्र म्हणाला, "बगलंयच नाय." ती म्हणाली, "तां बरां," आणि खिडकीबाहेर बघत बसली.

हॉटेलात किशोरी मॅडम अजून त्याच खोलीत होती. केस पिकले होते, चष्मा आला होता. हरिश्चंद्राला बघून उठली, सुभद्रेचे दोन्ही हात धरले. "या वहिनी, या! बसा!"

सुभद्रा बसली नाही. ऑफिसात बोलतात तशी मराठी ती वाटभर जुळवत आली असणार.

"मॅडम, मी दुसरी नाही. मी पहिलीच. यांना एकच आहे."

मॅडम आधी हसली. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे हरिश्चंद्राकडे गेले. त्याने मान खाली घातली, आणि हॉटेलच्या चकचकीत फरशीत त्याला स्वतःचंच तोंड दिसलं. तेही बघवेना.

"परब," मॅडम हळू म्हणाली, "मी त्या वर्षी आमच्या घरच्या गणपतीपुढे उभी राहून सांगितलं होतं, त्या माणसाला सांभाळ म्हणून. माझ्या मुलीला हात जोडायला लावले होते."

"चुकलो, मॅडम."

"चुकलो? मी हे लिहिलं ना, खोटी माहिती दिली म्हणून, तर ट्रस्टवाले तुमची फाइल महिनो न् महिने बाजूला ठेवतील."

हरिश्चंद्राने मनातल्या मनात पेन्शन सोडून दिली. मग सुभद्रा बोलली, आता मात्र घरच्या बोलीत.

"लिवा, मॅडम. खरां तांच लिवा. रजेसाठी खोटां बोल्ले म्हणान लिवा. तेरा दिवसांचो पगार कापून घेवचो तर घेवा. पण माझां नाव होतां थंयसर परत घाला. मी काय गुन्हो केलंय? माका मेलेली करताना कोणी माका इचारूक नाय."

मॅडम तिच्याकडे बघत राहिली. मग खुर्चीत बसली, चष्मा काढला आणि डोळे पुसू लागली. रडते की काय म्हणून हरिश्चंद्राने वर बघितलं, तर तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"साप!" ती म्हणाली. "कसला साप होता, परब? मी तेव्हा विचारलं होतं, तुम्ही फुरसं सांगितलंत!"

"फुरसां?" सुभद्रा नवऱ्याकडे वळली. "एवढूसां फुरसां? नागाच्या तरी लायकीची धरूची होती माका!"

मग काय, दोघी बायका हसायला लागल्या, आणि हरिश्चंद्र मधे उभा. हसू ओसरल्यावर मॅडमने कागद ओढला. वैवाहिक स्थितीची नोंद सदस्याने दिलेल्या चुकीच्या माहितीवरून झाली होती, पत्नी हयात असून समक्ष हजर होती, नोंद दुरुस्त करावी, असं स्वच्छ लिहिलं. लपवलं काही नाही, वाढवलं काही नाही. वारसाच्या रकान्यात भावाचं नाव खोडून सुभद्रेचं घातलं. हरिश्चंद्राने सही केली. मॅडम सुभद्रेला म्हणाली, तुमच्या सहीची गरज नाही. सुभद्रा म्हणाली, "नसूंदे, मी करतंय," आणि खाली कोपऱ्यात करूनच सोडली.

"ट्रस्टची बैठक महिन्याने," मॅडम म्हणाली. "विचारतील ते मला. मी सांगेन, मी स्वतः बाईंना बघितलं. मग पैसे आणि वर्षं दोन्ही तुमच्या तिकडच्या ऑफिसात जातील. आता चला, लाँड्रीत चला. तिथे चार जण अजून आहेत त्या वेळचे. त्यांना दाखवल्याशिवाय मी वहिनींना सोडत नाही."

लाँड्रीतल्या माणसांनी हरिश्चंद्राला काय काय शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. सुभद्रेला मात्र त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि एक म्हातारा इस्त्रीवाला तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत म्हणाला, "बरी दिसता गो बाय, मेल्यार पण."

परतीच्या गाडीत तिने विचारलं, "सृष्टी म्हणता तुमच्या मागसून माका अर्धी. म्हणजे तुमच्या मागे मी रवाक व्हयी."

"होय तर."

"मगे फुकट नाय जावची ती. मी एकदा आधी जावन इलंय, आता घायगडबड नाय माका." आणि पत्रादेवीच्या पुढे तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोप काढली.

बैठक महिन्याने नाही, दोन महिन्यांनी झाली. मधे ट्रस्टने आणखी एक कागद मागितला, सृष्टीने तो पाठवला. हरिश्चंद्र रोज सकाळी ऑफिसच्या दारातून डोकावून जायचा, विचारायचा काही नाही. सृष्टी नुसती मान हलवायची. चतुर्थी जवळ आली. कारखान्याच्या शेटने त्याला पाच दिवसांची रजा दिली, हरिश्चंद्राने कारण सांगायला तोंड उघडलं तेव्हा म्हणाला, "चतुर्थी ना? जावा की. कारण कित्याक व्हयां?"

रजेवर जायच्या आदल्या दिवशी दुपारी सृष्टी बॉयलरपाशी आली. वाफेत नीट दिसत नव्हती, पण दोन्ही हात वर केलेले दिसले.

"इले, काका! पैसे इले नि वर्षांव इली. अकरा भरली! आता अठ्ठावन्न झालात काय अर्ज करूचो."

हरिश्चंद्राने आधी प्रेशरचा काटा बघितला. मग बाजूला सरकून कपाळ पुसलं. आग चालू असताना बॉयलर सोडून जाता येत नाही.

"घराकडे फोन लाव," तो म्हणाला. "तिका सांग. माझ्याआधी तिका सांगाक व्हयां होतां तुया."

सृष्टीने स्पीकरवर लावला. मागे नारळ खवल्याचा आवाज येत होता.

"काकी, झालां! वर्षां जोडली. तुमचां नाव लागलां. पण एक आसा हां, पेन्शन चालू झाली काय दर वर्षाक हयातीचो दाखलो देवचो लागता. आधी काकांक, मगे तुमका. जिवंत आसंय म्हणान दाखवचां."

"दर वर्षाक?" पलीकडून सुभद्रेचा आवाज आला, मोठा, खणखणीत, सगळ्या कारखान्याने ऐकावा असा. "सांग तेंका, हवो तर दर म्हयन्याक देतंय. आणि हेंका म्हण, येताना गूळ आणा. सारणाक कमी पडलो."